उशाखालची उंची

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आधी तुम्हाला जरा हात वर करायला लावतो. ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी यंदा लडाखला निघालंय, त्यांनी हात वर करा. बरेच आहेत की! घ्या खाली. आता दुसरा प्रश्न. तिथे ज्या ज्या खोलीत तुम्ही झोपणार आहात, ती समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, हे टूरवाल्याला कुणी विचारलंय? मागच्या रांगेत एक हात दिसतोय. बाकी कुणी नाही. गरम पाणी सकाळी किती वाजेपर्यंत येतं, हे आपण विचारतो. भाजीत कांदा-लसूण नको, हे बजावून सांगतो. खोलीतून तळं दिसलंच पाहिजे म्हणून माणशी जास्तीचे पैसे मोजतो. उंची मात्र विचारत नाही.

माझं आजचं म्हणणं तेवढंच आहे. उंचावरच्या झोपायच्या खोलीत काय बघायचं, याचा आपला क्रमच उलटा लागलाय. गादी, रजई, हीटर, खिडकी हे आपण आधी बघतो. ती खोली किती उंचावर आहे, तिच्यात हवा कुठून येते, आणि वेळ आली तर तिथून खाली उतरता येतं का, हे बघायचं राहून जातं.

विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेचे कार्यकर्ते जरा बिचकले होते. 'डॉक्टर, झोप हा काय व्याख्यानाचा विषय?' असं कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण फोनवर दोन क्षण शांतता पसरली ती मला कळली. ज्यांच्या स्मृतीसाठी ही माला चालते, ते स्वतः छातीचे डॉक्टर होते. रोग्याच्या पाठीला नळी लावून श्वास ऐकण्यात त्यांचं आयुष्य गेलं. तेव्हा श्वासाबद्दल बोललो तर त्यांना वावगं वाटलं नसतं, असं मी धरून चालतो.

श्वास ऐकण्याचीच एक जुनी हकिगत आहे. १८५७ साली जॉन टिंडल हा भौतिकशास्त्रज्ञ मों ब्लां चढत होता. हो, तोच टिंडल, प्रकाशाच्या विखुरण्यामुळे शाळेच्या पुस्तकात भेटणारा. वाटेत दमून तो बर्फात आणि खडकात तसाच आडवा झाला आणि त्याला डोळा लागला. थोड्या वेळाने सोबत्याने त्याला घाबरून हलवून उठवलं. का? तर टिंडलचा श्वास चालू असल्याचं त्याला काही मिनिटं ऐकूच आलं नव्हतं. टिंडल ठणठणीत होता. त्याने पुढे हा प्रसंग आपल्या पुस्तकात लिहून ठेवला.

ते नेमकं काय होतं, याची नोंद व्हायला आणखी जवळजवळ चार दशकं जावी लागली. इटलीत मोंते रोझा पर्वताच्या एका शिखरावर, साडेचार हजार मीटरहून थोडी जास्त उंची असलेल्या जागी, १८९३ साली एक लाकडी झोपडी उभी राहिली. राणी मार्गेरिता स्वतः तिथवर गेली होती, तिचंच नाव त्या झोपडीला आहे. तुरीनचा शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो पुढच्याच वर्षी तिथे मुक्कामाला गेला आणि झोपलेल्या माणसांच्या छातीच्या हालचाली त्याने उपकरणाने कागदावर उमटवून घेतल्या. त्यांत त्याचा भाऊही होता. (भाऊ शास्त्रज्ञ असला की घरच्यांना झोपेतही सुटका नसते.) कागदावर काय उमटलं? चार-पाच श्वास वाढत्या जोराचे. मग ओसरणारे. मग सरळ रेघ, म्हणजे श्वास बंद. पुन्हा वाढते श्वास, पुन्हा सरळ रेघ. रात्रभर हेच चालू.

हे का होतं, ते समजून घेतल्याशिवाय खोलीबद्दल बोलण्यात अर्थ नाही. तेव्हा थोडा वेळ वर्गात बसल्यासारखं बसा.

'उंचावर हवेत प्राणवायूचं प्रमाण कमी असतं' असं आपण सर्रास म्हणतो. प्रमाण कमी नसतं. शंभर भाग हवेत एकवीस भाग प्राणवायू हे मुंबईत खरं आहे आणि खारदुंग-लाच्या खिंडीतही खरं आहे. कमी होतो तो हवेचा दाब. लेह ३५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांश उरतो. पँगाँग तळ्याच्या काठी, सव्वाचार हजार मीटरवर, साठ टक्क्यांच्या आसपास. छाती भरून श्वास घेतला तरी आत येणाऱ्या प्राणवायूला रक्तात ढकलणारा जोर कमी पडतो.

शरीर यावर उपाय करतं, आणि पहिला उपाय म्हणजे जोराने आणि जास्त श्वास. मानेतल्या मोठ्या रोहिणीपाशी तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव आहे. रक्तातला प्राणवायू घटला की तो मेंदूला बातमी देतो, मेंदू श्वास वाढवतो. पण जास्त श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर टाकला जातो, आणि झोपेत तर श्वास चालू ठेवायची मुख्य सूचना या कार्बन डायऑक्साइडकडूनच येते. तो एका पातळीखाली गेला की झोपलेला मेंदू म्हणतो, 'आता श्वासाची गरज नाही.' श्वास थांबतो. दहा-पंधरा सेकंद जातात, प्राणवायू घसरतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि मेंदू दचकून पुन्हा जोराने श्वास सुरू करतो. म्हणजे पुन्हा तेच चक्र. गिझरचं पाणी उशिरा गरम होतं म्हणून आपण नळ जास्त फिरवतो, मग चटका बसतो म्हणून उलटा फिरवतो, मग गारठतो. तसं रात्रभर चालतं. फुप्फुसातून निघालेलं रक्त संवेदकापर्यंत पोचायला काही सेकंद लागतात, त्या उशिरामुळे हा सगळा झोका निर्माण होतो.

पुष्कळदा झोक्याच्या टोकाला माणूस थोडा जागा होतो. त्याला कळत नाही. पण झोपेच्या आलेखावर ते दिसतं. गाढ झोप घटते, वरवरची वाढते. सकाळी तो म्हणतो, 'रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.' शेजारी झोपलेली बायको म्हणते, 'घोरत तर होतात!' दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात.

आता एक गोष्ट, जी ऐकून तुमच्यातल्या निम्म्यांना बरं वाटेल. वाईट झोप हा आजार नाही. उंचीच्या त्रासाचं मोजमाप करायला जगभर जी लेक लुईस गुणपद्धत वापरतात, तिच्यातून झोपेचा प्रश्न २०१८ साली काढून टाकण्यात आला. कारण डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि चक्कर यांच्याशी झोपेचं नातं म्हणावं तेवढं जुळत नव्हतं. त्रास अजिबात नसलेली माणसंही वाईट झोपत होती. उलट ज्यांचं शरीर विरळ हवेला जोरकस प्रतिसाद देतं, त्यांच्यात हे हेलकावे जास्त दिसतात. आणि सराव झाला की ते जातात म्हणावं, तर तसंही नाही. काही रात्रींनंतर प्राणवायूची पातळी सुधारते, झोपही सुधारते, पण हेलकावे राहतात, कधी वाढतातसुद्धा. तेव्हा मध्यरात्री शेजारच्या माणसाचा श्वास थांबल्यासारखा वाटला, तर टिंडलच्या सोबत्यासारखं त्याला गदगदा हलवू नका. वीस सेकंद मोजा. श्वास येतो.

कोविडने घरोघरी बोटाला लावून प्राणवायू मोजायचं ते यंत्र दिलंय. लडाखला जाताना लोक ते आवर्जून नेतात, आणि लेहला पहिल्या रात्री ८५ चा आकडा बघून हॉटेलचा स्वागतकक्ष डोक्यावर घेतात. पुण्यात ८५ म्हणजे रुग्णवाहिका. लेहला पहिल्या दिवशी ८५ ते ९० ही सर्वसाधारण माणसाची पातळी आहे, झोपेत ती त्याखालीही उतरते. आकडा बघायचाच असेल तर बसून, हात गरम करून, दिवसा बघा. रात्री दोनला रजईतून गार बोट बाहेर काढून नको.

आता येऊ खोलीकडे.

खोलीची पहिली अट तिची उंची. दिवसा तुम्ही कुठे फिरलात यापेक्षा रात्री डोकं कुठे टेकलंत, हे उंचीच्या आजारात जास्त महत्त्वाचं. दिवसा पाच हजार मीटरवरच्या खिंडीत फोटो काढून खाली येऊन झोपणं वेगळं आणि त्या उंचीवर आठ तास पडून राहणं वेगळं. झोपेत श्वास मंदावतो, म्हणजे मुळातच कमी असलेला प्राणवायू आणखी घसरतो. म्हणून गिर्यारोहकांचा जुना शिरस्ता आहे: चढा उंच, झोपा खाली. डॉक्टरांचा नियम त्याला आकड्यात बांधतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर वाढवावा.

हा नियम हाताशी घेऊन आपलं सहलीचं पत्रक वाचा. काय दिसतं?

आपला सगळ्यांत उंच डोंगर कळसूबाई, १६४६ मीटर. दोन कळसूबाया एकावर एक रचल्या तरी लेहचं अंगण लागत नाही. सकाळी मुंबईत घाम पुसत निघालेला माणूस विमान बदलून दुपारच्या आत साडेतीन हजार मीटरवर असतो. शरीराला तयारीला एकही रात्र मिळालेली नसते. म्हणून लेहला पहिल्या दोन रात्री काढायच्या, आणि त्यातला पहिला दिवस खरोखर आराम करायचा; हे आता बहुतेक कंपन्या पाळतात, चांगली गोष्ट आहे. घोळ पुढे होतो. नुब्रा खोऱ्यातलं हुंदर ३१०० मीटरच्या आसपास, लेहपेक्षा खाली. तिथे झोप छान लागते, आणि सगळे म्हणतात, 'सरावलो बुवा!' दुसऱ्या दिवशी श्योक नदीच्या काठाने थेट पँगाँग. एका दिवसात झोपायची उंची अकराशे मीटरने वर. लेहच्या दोन रात्री जमेला धरल्या तरी साडेसातशे मीटरची उडी. आणि तंबूला नाव काय? लक्झरी. त्या पलंगावर आठ उशा ठेवल्या तरी त्याची उंची कमी होत नाही.

मनालीहून रस्त्याने जाणाऱ्यांचं तर विचारूच नका. मनाली दोन हजार, जिस्पा बत्तीसशे, आणि त्यानंतरचा मुक्काम सरचू, जवळजवळ त्रेचाळीसशे मीटर! सरचूच्या तंबूत झोप लागलेला पहिल्या खेपेचा प्रवासी मला अजून भेटायचाय. त्यापेक्षा श्रीनगरहून जा. श्रीनगर सोळाशेच्या आत, कारगिल सव्वीसशे-सत्तावीसशे, मग लेह. रस्ता लांबचा, वेळ जास्त, पण प्रत्येक रात्री उशी थोडी थोडी वर चढते. आपल्याकडचा मध्यमवर्गीय माणूस एक रजा वाचवण्यासाठी हे टाळतो आणि मग लेहला तीच रजा डोकं धरून पलंगावर काढतो.

ज्यांना उंचावर कायमच काम करायचंय, ते काय करतात? चिलीच्या वाळवंटात आल्मा ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या अँटेना पाच हजार मीटरवर. पण माणसं झोपतात २९०० मीटरवरच्या तळावर, रोज कामासाठी वर जातात आणि झोपायला खाली येतात. आपल्याकडे लडाखमध्येच हानलेला साडेचार हजार मीटरवर दोन मीटर व्यासाची चंद्रा दुर्बीण आहे. ती चालवणारे खगोलशास्त्रज्ञ उपग्रहाच्या दुव्यावरून बंगळूरजवळच्या होस्कोटेत बसून ती फिरवतात. सगळ्यांनाच ते जमत नाही. हानलेलाच मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची गॅमा किरणांची दुर्बीण आहे, २०२४ साली तिचं उद्घाटन झालं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सहभागातल्या दुर्बिणीही त्याच परिसरात आहेत. तुर्भे-कुलाब्याहून गेलेला माणूस तिथे उभारणीला, दुरुस्तीला जाणार तर त्याला तिथेच डोकं टेकायला लागतं. त्याच्यासाठी प्रश्न असा होतो: उंची बदलता येत नसेल, तर खोलीतली हवा बदलता येईल का?

येते. आणि हा या विषयातला माझा सगळ्यांत आवडता भाग आहे.

१९६०-६१ च्या हिवाळ्यात एव्हरेस्टच्या परिसरात, आमा दब्लमच्या शेजारी, ५८०० मीटरवर एक रुपेरी रंगाची लाकडी खोली उभारली गेली. सिल्व्हर हट. मोहीम एडमंड हिलरीची, शास्त्राची बाजू ग्रिफिथ प्यू यांची. भिंतींत थंडी अडवणारा थर, आत शेगडी, झोपायला बाकडी, पोटभर अन्न. म्हणजे आपण ज्या ज्या सोयी विचारतो त्या सगळ्या. तरीही माणसांची भूक मेली, वजनं घटतच राहिली. ऊब होती, अन्न होतं, छप्पर होतं. उंची तेवढीच होती.

त्या खोलीत राहिलेला एक तरुण डॉक्टर होता जॉन वेस्ट. पुढे तो कॅलिफोर्नियात श्वसनाचा मोठा संशोधक झाला आणि त्याने हिशेब मांडला. खोलीतल्या हवेत प्राणवायू एका टक्क्याने वाढवला, एकवीसचा बावीस केला, तर शरीराच्या दृष्टीने ती खोली सुमारे तीनशे मीटर खाली येते. एकवीसचा चोवीस करा, नऊशे मीटर खाली! कॅलिफोर्नियातल्याच व्हाइट माउंटनवर ३८०० मीटरला एका खोलीत हा प्रयोग केला. चोवीस टक्क्यांच्या हवेत झोपलेल्यांचे श्वासाचे हेलकावे घटले, आणि दुसऱ्या दिवशीची तरतरीही वाढली. आता हीच कल्पना चिलीतल्या वेधशाळांच्या आणि खाणींच्या खोल्यांत वापरतात. २००६ साली सुरू झालेल्या तिबेटच्या रेल्वेत, जी पाच हजार मीटरहून उंच खिंड ओलांडते, डब्यांतल्या हवेत प्राणवायू सोडतात.

'मग आग?' असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. बरोबर आहे. प्राणवायू वाढला की ज्वलन वाढतं. पण उंचीवर दाबच कमी असल्याने चोवीस टक्क्यांची ती हवा मुंबईच्या साध्या हवेइतकीही आग भडकवत नाही, असा वेस्टचा हिशेब होता. तरी अशा खोलीत उदबत्ती लावू नये, हे मी माझ्या पदरचं सांगतो.

इथे एक इशारा. हे ऐकून कुणी बाजारात मिळणारा प्राणवायूचा तो डबा घेऊ नये. स्प्रेसारखा, तोंडाला लावायचा, सहा, आठ, दहा लिटरचा. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा आत-बाहेर करतो, उंचावर त्याहूनही जास्त. डबा दोन-चार मिनिटांत संपतो. रात्र आठ तासांची असते. डब्याने मनाला धीर येतो, तो घ्यायला माझी हरकत नाही. पण त्याला उपचार म्हणू नका. रात्रभर हवा असेल तर विजेवर चालणारं काँसंट्रेटर यंत्र आणि नाकातली नळी. त्यासाठी वीज लागते, आणि पँगाँगच्या पुष्कळशा तंबूंत जनरेटर रात्री बंद करतात. म्हणजे ज्या वेळेला लागतं त्याच वेळेला नसतं. हा प्रश्न आधी विचारा.

औषधाचंही सांगून टाकतो, कारण नाहीतर ते प्रश्नोत्तरांत येणारच. डायमॉक्स, म्हणजे अॅसिटाझोलामाइड, मूत्रपिंडाकडून बायकार्बोनेट बाहेर टाकवते, रक्त किंचित आम्लाकडे झुकवते, आणि मग कार्बन डायऑक्साइड कमी असूनही झोपलेला मेंदू श्वास चालू ठेवतो. हेलकावे खरोखर कमी होतात. आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. सल्फाची अॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. बोटांना मुंग्या येतील आणि लघवीला जास्त वेळा जावं लागेल. यावर मग आपल्या मावश्या-काकू काय करतात? शौचालय तंबूच्या बाहेर, बाहेर हाडं गोठवणारा वारा, म्हणून दुपारी चारपासून पाणी पिणं बंद. तेव्हा खोलीला लागून शौचालय आहे का, हा मात्र आपण विचारतो तो बरोबर प्रश्न आहे, आणि मी तो चैनीत धरत नाही.

आता ऊब. इथे मला जास्त वेळ घ्यायचाय, कारण इथे माणसं मरतात.

थंडीने झोप मोडते हे सांगायला डॉक्टर नको. पाय गार असले की झोप लागत नाही, आणि कुडकुडणारं शरीर प्राणवायू जास्त खर्च करतं. म्हणजे ऊब हवीच. लडाखी माणसाने ती पिढ्यान्पिढ्या आपल्या पद्धतीने मिळवली आहे. जाड मातीच्या विटांच्या भिंती, उत्तरेला जवळजवळ खिडकीच नाही, दक्षिणेला मोठ्या खिडक्या, खालच्या मजल्यावर जनावरं, त्यांची ऊब वर. हिवाळ्यात सगळं घर एका खोलीत गोळा होतं, स्वयंपाकघरात, त्याला चान्सा म्हणतात. मधोमध नक्षीदार चूल, शेण्यांचं जळण, भिंतीशी तांब्या-पितळेची भांडी आणि बाजूला सतरंज्यांवर घरातले सगळे. स्वतंत्र शयनगृह ही हिवाळ्यात परवडणारी गोष्टच नव्हे. आजकालच्या काँक्रीटच्या हॉटेलांत ती जाड भिंत गेली, काचा चारही बाजूंना आल्या, आणि मग खोली गरम ठेवायला बुखारी किंवा गॅसचा हीटर आला.

बुखारी म्हणजे लोखंडी शेगडी, लाकूड, रॉकेल किंवा शेण्यांवर चालणारी, वर पत्र्याचं धुराडं. धुराडं नीट असेल तर ती उत्तम. नसेल तर? कोंडलेल्या खोलीत अर्धवट जळणाऱ्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. आपल्याकडे बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, तोच हा वायू. समुद्रसपाटीवर तो मारतो; लेहला तर रक्तात मुळातच प्राणवायू कमी, त्यावर हा डल्ला. आणि लबाडी अशी, की याची लक्षणं काय? डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गळून जाणं. उंचीच्या त्रासाची लक्षणं काय? तीच! माणूस म्हणतो, 'उंचीमुळे होतंय, झोपतो जरा.' आणि दार घट्ट लावून त्याच खोलीत झोपतो.

म्हणून खोलीत शिरल्यावर गादी दाबून बघण्याआधी बुखारी बघा. धुराड्याचे तुकडे जिथे एकमेकांत बसवलेत, तिथे भिंतीवर किंवा छतावर काजळीचा पट्टा आलाय का? आला असेल तर धूर तिथून खोलीत येतोय. धुराड्याचं टोक खरंच बाहेर गेलंय की खिडकीच्या फटीत नुसतं खुपसलंय? खिडकीची वरची झडप बोटभर तरी उघडते का, की टेपने बंद केलीय? ज्या गॅस हीटरला धुराडंच नाही, तो झोपताना बंद. तंबूत स्टोव्ह पेटवून हात शेकायचे नाहीत, शेगडीतले निखारे आत आणायचे नाहीत. आणि एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदमच डोकेदुखी सुरू झाली, बाहेर आल्यावर ती उतरायला लागली, तर उंचीला दोष देण्याआधी बुखारी विझवा. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा गजर मुठीत मावतो. आपण तिकडे चिवडा-लाडवाचे डबे नेतो, तसा हाही न्यावा.

ऊब आग न लावताही मिळते. लेहजवळ फे इथे सेकमोल या शाळेचा परिसर सूर्याच्या उष्णतेवर चालतो. जाड मातीच्या भिंती दिवसा ऊन साठवतात, रात्री सोडतात. त्याच तत्त्वावरचा सोनम वांगचुक यांचा सैनिकांसाठीचा तंबू २०२१ साली गाजला. आदल्या रात्री बाहेर पारा उणे १४ अंशांपर्यंत उतरलेला, आणि रात्री दहा वाजता आत १५ अंश, रॉकेलचा एक थेंबही नाही. झोपणाऱ्याच्या बाजूने मी ह्याला आरोग्याची सोय म्हणेन. इंधन वाचतं तो वरचा फायदा.

उरलेलं भराभर. डोक्यावरून रजई ओढून झोपायची आपल्याला सवय असते. गंमत म्हणजे संशोधकांनी मुखवट्याला नळी जोडून माणसाचाच थोडा उच्छ्वास त्याच्या श्वासात परत येईल असं केलं, आणि वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हेलकावे कमी झाले. पण तो मोजूनमापून केलेला प्रयोग होता. रजईच्या आत तुमचा प्राणवायूही घटतो. तोंड बाहेर, डोक्याला कानटोपी. खोलीची हवा कोरडी असते, नाक चोंदतं, मग माणूस तोंडाने श्वास घेतो आणि घसा सुकतो. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, उशाशी पाणी, हीटर असेल तर जवळ पाण्याचं भांडं. पडदे जाड, कारण जूनमध्ये तिथे पाचच्या आत उजाडतं. कापूस कानात, कारण लेहची कुत्री रात्रभर सभा भरवतात आणि त्यावर वैद्यकशास्त्राकडे इलाज नाही. थंडीवर उतारा म्हणून रम नको, झोपेची गोळी तर नकोच नको. दोन्ही श्वासाला मंद करू शकतात. हे सांगितल्यावर दर वेळी सभागृहात पुरुषांच्या बाजूने एक उसासा ऐकू येतो. आजही आला.

आता शेवटची अट, आणि तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. खोलीतून खाली जायची वाट.

उंचीच्या गंभीर आजाराला, म्हणजे फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी उतरतं त्याला, मुख्य उपचार एकच: खाली उतरणं. प्राणवायू, औषधं हे सगळं उतरेपर्यंतचं. आडवं पडल्यावर धाप लागते, बसल्यावरही थांबत नाही, खोकल्याबरोबर फेस येतो, सरळ रेषेत चालता येत नाही, माणूस असंबद्ध बोलतो. यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट बघायची नाही. पण नकाशा काढा. पँगाँगहून लेहला यायचं तर मध्ये चांग-ला खिंड, अकरा-बाराशे मीटरनी पुन्हा वर, आणि मग खाली. सरचूच्या एका अंगाला बारालाचा, दुसऱ्या अंगाला लाचुंग-ला. म्हणजे या खोल्यांतून नेहमीच्या रस्त्याने कुठेही निघालात तरी आधी चढावंच लागतं. अपवाद म्हणून पँगाँगहून न चढता उतरणारी एक वाट आहे, श्योक नदीच्या काठाने नुब्रात. डिस्कीटला रुग्णालय आहे. पण नदी फुगली की तो रस्ता तुटतो. म्हणून ज्याला लेहला धड बरं वाटलेलं नाही, डोकं दुखतंय, जेवण जात नाहीये, त्याने तळ्याचा मुक्काम रद्द करावा. तळं दिवसा बघून परत येता येतं. लांब पडतं, पण येता येतं. पैसे बुडतील. बुडू द्यावेत.

आणि जे मुक्काम करणारच आहेत, त्यांनी संध्याकाळी किल्ली हातात घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. श्योकचा रस्ता आज चालू आहे का? प्राणवायूचं सिलिंडर छावणीत कुठे आहे, आणि भरलेलं आहे का? ते डोळ्यांनी बघा, झडप फिरवून सुस्कारा ऐका. तिसरं, गाडीचा चालक रात्री कुठे झोपतो. तो बहुधा अर्धा-पाऊण किलोमीटरवर गावातल्या कुणाच्या घरी झोपतो, आणि आपलं महाराष्ट्रातलं प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही. म्हणून त्याचं घर दिवसाउजेडी पायी जाऊन बघून ठेवा, आणि गाडीत डिझेल किती आहे तेही त्याला विचारा.